सुनयनाची ओटी

सुनयनाला आईची भीती कधीच वाटली नव्हती. भीती वाटायची ती आईच्या आनंदाची. तेलंगणातल्या उटनूरच्या बाजारात भाजी विकणारी आशाबाई गेली दोन वर्षं तराजू जरा ऐटीतच धरायची, आणि का धरू नये? पोरगी चर्चची सिस्टर होणार होती! जालन्याकडून येऊन इथं रुजलेलं गल्लीतलं हे एकच मराठी कॅथलिक घर, पण सगळ्या बायका आशाबाईला ‘सिस्टरची आई’ म्हणायच्या आणि ती खुलायची.

त्याचं असं झालं. निर्मल गावच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलात शिकायला असताना सुनयनाला टायफॉईड झाला, तेव्हा तिथल्या सिस्टर लिसीनं तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. तेव्हापासून हिनं एकच धोशा लावला, मीपण सिस्टर होणार. बारावीनंतर त्याच कॉन्व्हेंटात उमेदवार म्हणून राहिली. प्रार्थना, स्वयंपाक, म्हाताऱ्यांची सेवा, सगळं मन लावून केलं. मग सिस्टर लिसीची बदली झाली आणि हिचं चित्तच उडालं. चॅपेलात गुडघे टेकले की आत कोरडंठाक. कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदर आग्नेस यांच्या ते ध्यानात आलं असावं. दीक्षेच्या तयारीआधी त्यांनी तिला घरी धाडलं. “मोकळेपणानं विचार कर. देवाचं बोलावणं असेल तर घरीही ऐकू येईल. नसेल तर तसं सांग, कुणी रागावणार नाही.”

मदरना सांगणं सोपं हो, पण आईला? ती बिचारी रोज सुनयनाच्या आवडीचं काहीतरी करायची आणि वाढता वाढता म्हणायची, “आता तिथं तुले हे कोन देईन?” घास गिळता गिळता सुनयनाचं बोलणंही गिळलं जायचं.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारची द्वारकाबाई गल्लीतल्या चार बायकांसोबत ताट घेऊन आली. किराणा दुकानवाली, देवभोळी बाई. “सासरीच चालली ना पोरगी? देवाच्या घरी का होईना. ओटी भरल्याबिगर कशी जाऊ देऊ?” तिनं आशाबाईकडं बघितलं. “कुंकू लावू का वं? तुमच्यात चालते?”

“लाव, लाव. येशू नाही रागावत.”

ओढणीत तांदूळ, नारळ आणि खण पडला, आणि सुनयनाला जे रडू फुटलं ते थांबेना. “मावशी, मले…” तिनं सुरुवात केली.

“मले समजते बाई,” द्वारकाबाईनं तिला छातीशी धरलं. “रडू द्या तिले. आमी नव्हतो का रडलो?” बायकांनी डोळ्यांना पदर लावले. भरल्या घरात आपलं ऐकणारं कुणी नाही, असं सुनयनाला वाटलं.

सकाळी बसस्टँडवर निर्मलची बस लागली. आशाबाई पिशवी घेऊन उठली आणि परत खाली बसली.

“सुने, लग्नात मीबी रडली. पन गाव मागं पडलं अन् थांबली. तू कालपासून रडून राह्यली. काऊन?”

“आई, मले सिस्टर लिसीसारखं व्हायचं होतं. मले वाटलं, देवच बोलावून राह्यला. त्या गेल्या अन् मले तिथं काईच उरलं नाही.”

“अन् मी गावभर…” आशाबाई एवढंच बोलली. बस गेली. तिनं स्वतः मदरना फोन लावला, घाबरत घाबरत. पलीकडून आवाज आला, “बरं झालं, आत्ता कळलं. हेच समजून घ्यायला तर घरी पाठवलं होतं. तिला म्हणावं, आम्हाला भेटायला येत जा.”

दोघी गल्लीत शिरल्या तेव्हा द्वारकाबाई दुकानाच्या पायरीवरच होती. “काऊन वं आशाबाई, बस चुकली काय?”

सुनयनाचा जीव टांगणीला लागला. हो म्हटलं असतं तर आजचं भागलं असतं.

“बस नाही चुकली,” आशाबाई म्हणाली. “पोरीले जायचंच नव्हतं. मले समजलं नाही.”

द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला. मग म्हणाली, “अन् मी म्हनून राह्यली, रडू द्या!” ती पायरी उतरून खाली आली. “ओटीचे तांदूळ हायेत ना? खीर कर. मीबी येतो.”

त्या दिवशी सुनयना पोटभर जेवली.

पुढच्या बाजाराला ती आईशेजारी वांगी तोलत बसली होती. एक ओळखीची बाई लांबूनच म्हणाली, “काय सिस्टरची आई, मेथी कशी दिली?”

आशाबाईनं जुडी उचलून पुढं केली. “सुनयनाची आई म्हन,” ती म्हणाली, “अन् दोन घे, ताजी हाये.”