बधिर बोटं आणि मानेचं ऑपरेशन

"बेन, हा आजार हाताचा नाही, मानेचा आहे," असं म्हणून वापीच्या डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली. मणक्यांच्या आतून खाली जाणारी दोरी एका जागी चेपलेली दिसत होती. आजाराचं नाव सर्व्हायकल मायलोपॅथी. म्हणजे मानेतले मणके झिजून मज्जारज्जू दाबला जातो आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोहोचत नाही. २०१६ साल होतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते.

माझी चूक आधी सांगते. मी डहाणूच्या बाजारात मासळी विकते. सकाळपासून हात बर्फात. आमच्यात सगळ्याच बायकांची बोटं बधिर होतात, त्याला कोण आजार म्हणतं? मीही वर्षभर बर्फालाच शिव्या घातल्या. ब्लाउजचे हुक लागेनात, तरी दोष बर्फाचाच. एके दिवशी बोंबील साफ करताना समोरची बाई किंचाळली, "मावशी, हे रक्त तुमचं आहे!" विळीनं बोट खोलवर कापलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हा मात्र पाचावर धारण बसली.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तर पाय नको तितका उडाला. सरळ रेषेत चालायला सांगितलं, तर मी दारू प्यायल्यासारखी झुलले.

"ऑपरेशननं गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगणार नाही," ते म्हणाले. "जे राहिलंय ते वाचवायचं आहे."

"आणि बिघडलं तर?"

"धोका कमी आहे, पण आहे. हातपाय आणखी कमजोर होऊ शकतात. नाही केलं, तर हे वाढत जाईल असं मला वाटतं. पंधरा दिवसांत ठरवा."

असे पंधरा दिवस वैऱ्यावरही येऊ नयेत. नणंद म्हणाली, "वहिनी, मणक्याला सुरी लावू नको. सायवन गावचा एक माणूस ऑपरेशननंतर परत उठलाच नाही." तिनं गंजाडचा एक मालिशवाला सुचवला. तो मान कडकन मोडून मोकळी करतो म्हणे. मी जायला तयारही झाले होते. निघण्याआधी डॉक्टरांना फोन केला, तर ते ओरडलेच, "अजिबात नाही! झटका बसला तर जागच्या जागी लुळ्या पडाल." तुम्हालाही कुणी मान मोडून देतो म्हणालं, तर आधी डॉक्टरांना विचारा.

सायवनच्या माणसाचंही मी डॉक्टरांना त्याच फोनवर विचारून घेतलं. "त्याला काय झालं होतं ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मी तुमच्या मानेचं सांगू शकतो."

सगळ्यात जास्त राग आला तो नवऱ्याचा. तांडेल माणूस, बोटीवर सगळ्या खलाशांना हुकूम सोडतात, आणि घरात विचारलं की एकच उत्तर, "तू म्हणशील तसं." शेवटी मी कावले. "मी खाटेवर पडले तर मला धुणार कोण, ते सांगा!"

ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "मी. पण तू भिंत धरून मोरीत जातेस, ते मला बघवत नाय."

तेव्हा माझं ठरलं, ऑपरेशन करायचं. धीर वगैरे काही आला नव्हता. दोन्हीकडे भीतीच होती, पण एका बाजूला थोडी आशा तरी होती.

आज दोन बोटं अजून बधिर आहेत. मासे साफ करायला सून बसते. पाटी डोक्यावर घ्यायची नाही, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आजार तिथेच थांबला. तुमचे हुक लागेनासे झाले, पाय अडखळू लागले, तर थंडीवर किंवा वयावर ढकलू नका. आणि ऑपरेशन करायचं की नाही, ते माझ्यावरून ठरवू नका. तुमची मान वेगळी, तुमच्या डॉक्टरांना नीट विचारा.

एक सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या दिवशी मानेला कॉलर लावून मला उभं केलं. ह्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"सोडा," मी म्हटलं. सोडेनात. "सोडा म्हणते ना!"

सोडलं. खिडकीपर्यंत सात पावलं मी एकटी गेले. वळून बघते, तर तांडेल भिंतीला टेकून हुंदके देत होते.

"अहो, माणसं बघतायत," मी दटावलं.

"बघू देत," ते म्हणाले.