वेदीपुढचा दुधी

गेल्या रविवारी चर्चमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांचं पुढं काय झालं ते आज लिहायचंय... दोनदा लिहून खोडलं, हे तिसऱ्यांदा.

आमच्या मंडळीत दरवर्षी हंगामाची उपासना असते. आपण पिकवलेलं काहीतरी आणून वेदीपुढं ठेवायचं, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चच्या कामाला जातात. आता आम्ही सगळे फ्लॅटमधले, आमचं शेत कुठलं... त्यामुळे बहुतेक जण बाजारातून भाजी आणतात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

यंदा मात्र पाळकसाहेबांनी जूनमध्येच प्रत्येक घराला दुधीच्या बिया दिल्या. कुंडीत लावा, जमेल तसं वाढवा आणि हंगामाला जे येईल ते घेऊन या, असं सांगून बियांवर प्रार्थनाही केली. मी संडे स्कूलची टीचर. मुलांना धीर न सोडण्याबद्दल लांबलचक धडा दिला आणि गारखेड्याला घरी येऊन बिया लावल्या.

दोन कोंब आले. आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसांनी येतं, ते या शहरातल्यांना सांगायला नको... पैठणचं धरण काठोकाठ भरलं तरी आमच्या टाकीत खडखडाट. माणसांनाच पाणी नाही तिथं वेलाला कुठून, असं म्हणत मी एक दिवस चुकवला, मग आठवडा. कोंब वाळून गेले. खरं सांगायचं तर पाणी हे निमित्त होतं, मला कंटाळा आला होता.

उपासनेच्या आदल्या दिवशी औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात जाऊन दुधी घेतला. लांब देठाचा, नुकताच वेलावरून उतरवल्यासारखा दिसेल असा निवडून घेतला. भाजीवाल्याला वाटलं असेल, बाई फारच चोखंदळ दिसतात.

रविवारी तो वेदीपुढं ठेवला. बाजारातून आणलाय, एवढंच सांगायचं होतं. पण पाळकसाहेबांनी तो उचलून सगळ्यांना दाखवला, आमच्या टीचरबाईंनी किती निष्ठेनं वाढवलाय बघा म्हणाले, टाळ्या पडल्या... आणि मी लाजल्यासारखं हसले. लिलावात चढाओढीनं बोली लागली. मंडळीच्या ग्रुपवर माझा आणि दुधीचा फोटो आला, खाली आमेनवर आमेन.

त्याच वेदीपुढं मार्थामावशींची कुंडी होती. मावशी आमच्याच मंडळीतल्या, सत्तरी ओलांडलेल्या, यंदा काका गेल्यापासून एकट्याच राहतात. त्यांच्या वेलाला नुसती पानं होती, एकही दुधी नव्हता. तरी त्या कुंडी रिक्षात घालून घेऊन आल्या होत्या. मला त्यांची कीव आली... हेही लिहून टाकते, कारण तेव्हा तसंच वाटलं होतं.

मंगळवारी संध्याकाळी मावशी घरी आल्या. माझा वेल बघायला.

चहा ठेवते म्हणत मी किचनकडे पळाले आणि जाता जाता बाल्कनीचं दार लोटून घेतलं. डोक्यात जुळवाजुळव सुरू होती... कीड लागली म्हणून वेल काढून टाकला, असं काहीतरी सांगू. तेवढ्यात हॉलमधून मावशी बोलायला लागल्या.

तांदळाचं धुवण, भाजी धुतलेलं पाणी साठवून साठवून त्यांनी तो वेल जगवला होता. फुलं यायची आणि गळून जायची. काका गेल्यावर त्यांचं मन लागत होतं ते त्या वेलातच, एखादं जरी फळ धरलं तरी देव जवळ आहे असं त्या समजणार होत्या.

"मला वाटायचं, मातीचा दोष असंल," मावशी म्हणाल्या. "पण रविवारी तुझा दुधी बघितला अन् कळलं. बिया तर तुलाबी त्याच दिल्या, मलाबी त्याच. माझ्याच इश्वासात खोट हाय. तवापासून प्रार्थनेला बसवतच नाय बघ."

चहा उतू गेला तेव्हा कुठं मी गॅस बंद केला. एका दुधीनं कुणाचं काय बिघडतंय, असं मी दोन दिवस स्वतःला सांगत होते. आणि इथं, जिनं सगळं मनापासून केलं ती बाई स्वतःला दोष देत प्रार्थना सोडायला निघाली होती. माझ्यामुळे.

मी त्यांना बाल्कनीत नेलं. कोरडी कुंडी दाखवली आणि सगळं सांगितलं, देठ बघून दुधी निवडला तेसुद्धा. बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कुंडीतल्या कोरड्या मातीला बोट लावून बघितलं, मग डोळ्यांना पदर लावला.

"म्हंजे देवानं मला नाय म्हटलं नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

माझ्या खोटेपणाशी त्यांना काही घेणंदेणंच नव्हतं. त्यांना फक्त हेच जाणून घ्यायचं होतं, आणि ते कळल्यावर त्यांचा चेहरा असा सैलावला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. इतकी शरम मला आजवर कधी वाटली नव्हती.

फोटोखाली अजूनही आमेन येताहेत, म्हणून हे इथं लिहितेय. तो दुधी माझा नाही. काल पाळकसाहेबांना भेटून सांगितलं, आता येत्या रविवारी उपासनेत साक्षीच्या वेळी, म्हणजे लोक आपापले अनुभव सांगतात तेव्हा, उभी राहून मंडळीलाही सांगणार आहे. संडे स्कूलची मुलं पहिल्या रांगेत बसतात... त्यांच्याकडे बघून कसं बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.

जे पेरलं ते माझ्या पदरात पडलंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचं पीक आधी मावशींना कापावं लागलं, ही लाज काही केल्या जात नाही.

काल बुधवारच्या प्रार्थनेला मावशी आल्या. जागा बरीच रिकामी होती, तरी माझ्याच शेजारी येऊन बसल्या आणि डोळे मिटले. मी मात्र... त्या प्रार्थना करताहेत, एवढंच ऐकत बसले आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानत राहिले.