दुखणं मारायची सुई

आमच्या गावच्या जत्रेत टांग्यांची शर्यत व्हायची आणि शर्यतीआधी पंच प्रत्येक घोड्याचं तोंड हुंगायचे. फार पूर्वी कुणीतरी घोड्याला दारू पाजून पळवलं होतं, तेव्हापासूनचा हा रिवाज. वास आला नाही की घोड्याच्या कपाळाला गुलाल लावायचा, म्हणजे घोडं चोख. आमच्याकडं लबाडी चालत नाही, असं गावातली माणसं पाहुण्यांना छाती फुगवून सांगायची. मी बारामतीला कॉलेजात गेलो तोवर मलाही ते खरंच वाटत होतं.

माझे चुलते, म्हणजे तात्या, इंदापूरच्या स्टँडवर टांगा चालवायचे. नव्वदनंतर सहा आसनी रिक्षा वाढल्या आणि सवाऱ्या कमी होत गेल्या, तसा त्यांचा जीव शर्यतीत जास्त गुंतला. आमच्या बौद्ध वस्तीत घोडी असलेलं घर आमचंच. ती तांबडी घोडी जत्रेत पुढं आली की एरवी एकेरीत हाक मारणारे लोक तात्यांच्या नावापुढं ‘राव’ लावायचे. तात्यांना ते किती हवं असायचं हे मला दिसत होतं. म्हणून त्यांच्यापुढं काही बोलायचं तर जीभ जड व्हायची.

मी दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा जत्रेच्या तोंडावर घोडीचा पुढचा डावा पाय सुजला. नळीच्या हाडामागची शीर हाताला गरम लागायची. शर्यतीच्या सकाळी मोटारसायकलवरून एक माणूस आला. गावोगाव फिरून जनावरांना सुया टोचायचा त्याचा धंदा होता. त्यानं घोडीच्या मानेत सुई दिली आणि चहा पिऊन गेला. थोड्या वेळानं लंगडणारी घोडी सरळ चालायला लागली.

“तात्या, दुखणं थांबलं, पण पाय कुठं बरा झालाय?” मी विचारलं.

“आरं, तुला ताप आल्यावर तू गोळी खातूस का न्हाय? खाऊन कालेजात जातूस का न्हाय? तसंच हाय हे.”

पंचांनी तोंड हुंगलं, गुलाल लावला. घोडी दुसरी आली. संध्याकाळी सुईचा असर उतरला आणि ती तीन पायांवर उभी राहिली. तोंडापुढचा कडबा तसाच पडून राहिला. मला जो संताप आला तो त्या कपाळावरच्या गुलालामुळं. दारू पाजली तर ती लबाडी, आणि दुखऱ्या पायाला मुकं करून पळवलं तर ते औषध. पायातली कळ हीच तर घोडीची बोली. तीच बंद केल्यावर ती थांबा म्हणून सांगणार कशी?

पुढच्या जत्रेआधी चावडीपुढं बैठक बसली. मी मागं उभा होतो. बोलू की नको, बोलू की नको, असं करता करता विषय संपत आला, तेव्हा कसाबसा म्हणालो, “सुई टोचलेलं घोडंसुद्धा पळवू नये. पुण्याला रेसकोर्सवर घोड्याची लघवी तपासतात म्हणे.”

सगळे हसले. यात्रा कमिटीचे प्रमुख आबा म्हणाले, “म्हंजी आमी आता बादली घेऊन घोड्यांच्या मागं हिंडायचं व्हय?”

“तसं नको, आबा. सगळ्यांनी आपापली घोडी शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळीच आणून देवळापुढं बांधायची. पंचांच्या नजरेखाली. सुई असली तर ती रात्रीत उतरंल. सकाळी लंगडलं तर पळवायचं न्हाय.”

“घोडी हायती का धाव्वीचं पेपर, रातभर राखत बसायला?” कुणीतरी म्हणालं. पुन्हा हशा. पण आबांनी हात वर केला. “पोरगं शिकल्यालं हाय, बरं बोलतंय. करू या.”

मला खरंच आनंद झाला होता.

ठरल्याप्रमाणं आम्ही आमची घोडी आदल्या दिवशी नेऊन बांधली. तात्या माझ्याशी बोलत नव्हते, पण घरच्या पोरानं गावापुढं दिलेला शब्द मोडणं त्यांना जमलं नसतं. देवळापुढं तेवढी एकच घोडी उभी होती. बाकीचे घोडेवाले थेट शर्यतीच्या सकाळी आले. कुणाची वाट लांबची होती, कुणाच्या घोड्याला परक्या जागी चारा गोड लागत नव्हता. सकाळी आमच्या घोडीला चालवून पाहिलं. तिनं डावा पाय जरासा राखून टाकला. आबांनी मान हलवली. “बसत न्हाय नेमात.”

“मग ह्येंचं काय?” मी इतर घोड्यांकडं हात केला. माझा आवाज चढला होता. “ही कुठं बांधली होती?”

“ती पाव्हण्यांची हायती. त्यांचं तोंड हुंगलंय.”

“आबा, सुईचा वास तोंडाला येत न्हाय.”

“तूच म्हनला हुतास ना नेम करा? केला. आता तुमच्याच घोडीला लागला तर आमी काय करावं?”

माणसं हसली, पण आदल्या बैठकीसारखी नाही. हे हसू आमच्या वस्तीला ओळखून हसलेलं होतं. सगळ्यांसाठी मागितलेला नियम त्यांनी आमच्या एका खुंट्यापुरता ठेवला होता. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. “शिकून घरचीच घोडी अडवलीस,” एवढंच म्हणाले.

शर्यत झाली. पहिला आलेला पांढरा घोडा रेषेपुढं गेला आणि थांबता थांबता पुढच्या पायावर खाली बसला. माणसं टांग्यावर गुलाल उधळत होती. मालकानं चाबकाच्या दांड्यानं घोड्याला उठवलं. आबांनी फेटा बांधला तो मालकाला. घोड्याच्या पायाकडं त्यांनी पाहिलंच नाही. तात्या मात्र बराच वेळ तेच बघत होते.

घरी येताना त्यांनी घोडी टांग्याला जुंपली नाही. टांगा तिथंच सोडला आणि कालव्याच्या कडेनं तिला हातानं चालवत निघाले. मी मागं. चालता चालता त्यांनी मागं न वळता विचारलं, “फुडल्या साली बी बांधायची का आदल्या दिवशी?”

“सगळ्यांनी बांधली तर.”

“सगळी न्हाय बांधणार.”

“मग मी भांडंन, तात्या.”

“तू भांड,” ते म्हणाले. “घोडी न्हाय पळणार आता. तिच्या जिवावर नगं भांडू, सोताच्या जिवावर भांड.”