झापड बांधून पळालेला मेहुणा

माझ्या मेहुण्याइतका सरळ वेडा माणूस तापीच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही, आणि हे मी अभिमानाने सांगतो. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणायचा, पण त्यालाही नातवंडं आहेत. जेवायला बसला की ताटातलं गोड आधी संपवतो, म्हणतो, "मधेच कोणी बोलवायला आलं तर गोड राहून जातं." लग्नाला गेला की नवरा-नवरी पाहायच्या आधी मांडवाचे खांब हलवून पाहतो. नवी चप्पल घेतली की चिखलात ती हातात धरून चालतो. पाय धुता येतात, चप्पल खराब होते, असा त्याचा हिशोब.

पावसाळा सरत आला की जैनाबादकडे शेतांतून चिखलातली दौड होते. बांध, नाला, केळीच्या बागा, आणि शेवटी शाळेच्या मैदानात बांधलेली दोरी. पळणारी सगळी पोरं विशीतली, बूट घातलेली. त्यांच्यात हा, धोतर खोचून, चप्पल हातात. आमची काळी माती बूट धरून ठेवते, म्हणून अर्ध्या वाटेपर्यंत हाच पुढे असायचा, खोटं सांगत नाही. पण केळीची बाग लागली की संपलं. घडाच्या वजनाने वाकलेलं झाड दिसलं की याचा पाय पुढे पडत नाही. बाग कोणाची का असेना, बांबू शोधायचा, टेकू लावायचा, दोर आवळायचा. तोवर मैदानात बक्षिसं वाटून झालेली. माझी बायको पाण्याचा लोटा घेऊन तिथे उभी, भावाचे पाय धुवायला. लोक दोरी गुंडाळून घरी गेले तरी ती उभीच. मग हा आला की म्हणायची, "पळायला जातो का लोकांची केळी राखायला? मी मरायच्या आधी एकदा तरी त्या दोरीला हात लाव रे."

ती गेल्या हिवाळ्यात गेली. दोरीला हात लागला नव्हता.

यंदा दौडीच्या सकाळी हा गमछा घेऊन माझ्याकडे आला. "दाजी, हा बांधा माझ्या तोंडाला. टांग्याच्या घोड्याला झापड असते ना, तशी. समोरची वाट दिसली तर बस."

"नाल्यात पडशील."

"पडू द्या. केळी दिसली नाही पाहिजे. ताईचं राहून गेलंय."

बांधला मी, चांगला आवळून. मग तिचा लोटा भरून तिच्या जागी उभा राहिलो. पोरं आली, बक्षिसं झाली, चहा झाला. एक जण येऊन दोरीची गाठ सोडू लागला. मी म्हटलं, "अजून एक माणूस यायचा आहे."

"बाबा, वो तो हर साल नहीं आते."

मी दोरी मनगटाला गुंडाळून घेतली. म्हटलं, "आता सोड पाहू."

आणि तो आला. कमरेपर्यंत चिखल, गमछा घसरून पार डोळ्यांवर आलेला, कपाळावर टेंगूळ, चप्पल हातात. पोरं आधी हसली, मग टाळ्या वाजवायला लागली. त्याने दोन्ही हात, चपलांसकट, दोरीवर ठेवले आणि तसाच उभा राहिला. मी त्याच्या पायांवर पाणी घातलं. माझी छाती पोरीच्या लग्नातही एवढी फुगली नव्हती.

गमछा सोडला तर हा आल्या वाटेने परत निघाला.

"आता कुठे?"

"डोळे बांधले होते दाजी, कान नाही. नाल्याच्या पलीकडे एक झाड करकरत होतं."

मीही गेलो मागोमाग. मी टेकू धरला, त्याने दोर आवळला. ती असती तर आम्हा दोघांनाही पोटभर बोलली असती.