रोज अंगावर वागवायचा दागिना

मंदाताईंची आणि माझी खरी ओळख एका चोरीमुळे झाली. सौदीतल्या जेद्द्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटच्या पायाला बांधून व्यायाम करून घेतात, तसली अर्ध्या किलोची, वाळू भरलेली पट्टी माझ्या विभागातून गायब झाली होती आणि मी दिसेल त्याच्यावर चिडत होते. त्याच आठवड्यात नर्सेसच्या क्वार्टर्सच्या जिन्यात ऑपरेशन थिएटरच्या सीनिअर सिस्टर मंदाताई माझ्यापुढे चढत होत्या आणि दर पायरीला उजवीकडे कलत होत्या. माणसाची चाल बघणं हाच माझा धंदा. मी विचारलं, "मंदाताई, खुबा दुखतोय का?" त्यांनी जिन्यात दुसरं कोणी नाही याची खात्री केली आणि वरून घातलेला काळा झगा, अबाया, बाजूला केला. एरवी पंजाबी ड्रेसात वावरणाऱ्या बाईंनी आत साडी नेसली होती आणि माझी पट्टी कमरेला परकरात खोचली होती.

"पिस्तूल साधारण एवढंच भरतं म्हणतात," त्या म्हणाल्या. "सवय करतेय."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं.

मंदाताई नाशिकच्या. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जेद्द्याच्या थिएटरात उभ्याने काढली होती. लग्न केलं नव्हतं. "राहून गेलं," एवढंच सांगत. शिडशिडीत बांधा, दोरीला अडकवलेला चष्मा, आणि खुर्ची दिसली की आधी बूट काढायचे आणि मग बसायचं. कुठलाही विषय संपवायची त्यांची एकच रीत होती. कोणी गेल्याची बातमी असो, नाहीतर ईदच्या दिवशी लागलेली ड्युटी असो, त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "चला, पुढचा पेशंट घ्या." हे त्या इतक्या दमलेल्या आवाजात म्हणत की पुढे कोणी वाद घालत नसे.

नाशिकबाहेर, द्राक्षांच्या मळ्यांना लागून त्यांनी घर बांधलं होतं. एका सुट्टीत जोतं, पुढच्या सुट्टीत भिंती, त्याच्या पुढच्या सुट्टीत स्लॅब. भाऊ-वहिनी लवकर गेले, म्हणून भाच्याच्या, म्हणजे भावाच्या मुलाच्या, अजितच्या शिक्षणाचं सगळं त्यांनीच पाहिलं आणि त्याला खालचा मजला राहायला दिला. "वर मी, खाली तू," असं ठरलं होतं. पोरगा मोठा झाला, जागांच्या व्यवहारात शिरला आणि त्याला आत्याचं वर राहणं नकोसं झालं. त्याला ती जागा बिल्डरला द्यायची होती. एकदा फोनवर तो म्हणाला, "आत्या, या वयात एकटी बाई वरच्या मजल्यावर राहणार. काही झालं तर खाली आम्हाला ऐकूसुद्धा यायचं नाही." हे वाक्य मंदाताईंनी मला त्याच्याच सुरात म्हणून दाखवलं. "काळजी म्हणावी तर धमकी वाटते, धमकी म्हणावी तर काळजी. सांग, तक्रारीत काय लिहू?" सुट्टीत त्या पोलीस चौकीत जाऊन आल्या होत्या. घरातलं आहे, घरातच मिटवा, असं तिथे सांगितलं गेलं.

आणि त्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि त्याबरोबर इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवानाही, येत्या उन्हाळ्यात संपत होता. "इकामा संपला की इथलं खलास. मग जायचं कुठे? स्वतःच्याच घरी ना? मग लायसन काढून पिस्तूल घेते आणि राहते." त्यांचं ठरलं होतं. प्रश्न फक्त कुठलं घ्यायचं एवढाच होता.

या देशात आपल्यासारख्या परक्या माणसाने असल्या गोष्टींचं नाव काढायची मला भीती वाटायची. "फोनवर पिस्तुलांचे व्हिडिओ बघता, कफीलच्या, आपल्या मालकाच्या, कानावर गेलं तर?" मी म्हणायची. "बघायला इकामा लागत नाही," त्या म्हणायच्या. पण कॅन्टीनमध्ये बोलायचं तर पिस्तूल हा शब्द हिंदीतही तोच. म्हणून आम्ही त्याला दागिना म्हणायला लागलो.

"लहान दागिना बरा की मोठा?" जेवताना त्या विचारायच्या.

"लहान लपतो."

"लपतो, पण हाताला झटका जास्त देतो म्हणे. मोठा शांत असतो, पण पदराखाली उठून दिसतो. आणि मला तो सणावाराला नकोय गं, रोज अंगावर वागवायचा आहे."

पर्समध्ये ठेवा, असं मी सुचवलं. त्यावर त्यांनी मला वेड्यात काढलं. ऐन वेळी कात्री दुसऱ्या खोलीत असेल तर ती नसल्यातच जमा, हे त्यांचं थिएटरातलं तत्त्व होतं. पर्स खुंटीला असते, सोफ्यावर असते आणि झटापटीत आधी तीच ओढली जाते. वस्तू अंगावरच पाहिजे आणि सकाळी चहा टाकतानाही पाहिजे.

नाशिकला त्या साडीच नेसत, मग साडीत ती ठेवायची कुठे? एका शुक्रवारी हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी मापाचं पिस्तूल केलं. ते बघूनच मला घाम फुटला. मी दारातून आत यायचं आणि त्यांनी ते बाहेर काढायचं, अशी आमची तालीम सुरू झाली. पहिल्यांदा पदर आडवा आला. दुसऱ्यांदा पुठ्ठ्याबरोबर सगळ्या निऱ्या बाहेर आल्या आणि साडी पायाशी पडली. परकरावर, हातात पुठ्ठा धरून मंदाताई उभ्या! मी पोट धरून हसले, त्याही हसल्या. इतक्या मोकळेपणाने हसताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. मग त्या पलंगावर बसल्या आणि साडी गोळा करत म्हणाल्या, "बायकांना काही जवळ बाळगावं लागेल, असं कोणाच्या मनातच येत नाही बघ. साधा खिसासुद्धा देत नाहीत."

खिसा मग त्यांनी करून घेतला. शराफिया बाजारातल्या एका बंगाली शिंप्याकडून परकराला उजव्या बाजूने चोरखिसा शिवून घेतला. त्याने विचारलं, "पासपोर्ट के लिए?" त्या म्हणाल्या, "हां भैया, पासपोर्ट. थोडा मोटा है."

पुढची अडचण माझ्या विभागात कळली. पिस्तुलाचा वरचा भाग जोर लावून मागे ओढावा लागतो, तेव्हा गोळी आत जाते. मी त्यांच्या हाताची पकड यंत्रावर मोजली, तर काटा जेमतेम हलला. "ताई, ही पकड ऐंशीच्या बाईची आहे," मी म्हटलं. "ऑपरेशनभर जखम उघडी धरून उभं राहायचं, ते याच हातांनी," त्या बोटं चोळत म्हणाल्या. "जेवढी उरली तेवढी उरली." मग पिस्तूल बाद झालं आणि रिव्हॉल्व्हर आलं. त्यात काही ओढावं लागत नाही, नुसता चाप दाबायचा. पण त्याचं गोल पोट कमरेला टोचणार आणि खाली मांडी घालून जेवायला बसलं की बरगडीत घुसणार. "व्हिडिओतली सगळी माणसं खुर्चीत नाहीतर गाडीत बसतात," त्या वैतागून म्हणाल्या. "पाटावर कोणी बसतच नाही. मी कोणाला विचारू?"

असे काही महिने गेले. पट्टी त्यांच्या कमरेला होतीच. चाल सुधारली, पण बाकीचं बिघडत चाललं होतं. एकदा शराफियातल्या दुकानात मागून कोणीतरी त्यांच्या खांद्यावरून कोथिंबिरीच्या जुडीला हात घातला. मंदाताई इतक्या दचकल्या की टोपली पडली, आणि हात कमरेला गेला. तो बिचारा केरळी गृहस्थ "सॉरी सिस्टर, सॉरी" करत राहिला. परत येताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "हे बांधल्यापासून मी माणसांचे चेहरे बघतच नाही. हात बघते. मला याचा फार शीण येतो गं."

आमचं दागिन्याचं बोलणं कॅन्टीनमध्ये कोणीतरी ऐकलं असावं. मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात नाशिकच्या एक वहिनी मंदाताईंना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय सिस्टर, चाळीस-पन्नास तोळ्यांचं काही बघताय म्हणे! रोज वापरायला एवढं जड कशाला?" मंदाताईंनी पेढा तोंडात टाकून वेळ मारून नेली. वहिनींच्या बहिणीचं घर नाशिकला, अजितच्या ओळखीतलं. आणि अजितचं लग्न प्रिया नावाच्या मुलीशी ठरलेलं होतं.

पुढच्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोघी वरणभात जेवत होतो, तेव्हा त्याचा फोन आला. कित्येक महिन्यांत त्याने आपणहून फोन केला नव्हता. हात खरकटा होता, म्हणून मंदाताईंनी स्पीकर लावला.

"आत्या, दागिना बघतेयस म्हणे तू. जड, रोज वापरायचा." तो हसला. "अगं, प्रियाला एवढं जड झेपणार नाही. साधंसंच काहीतरी घे."

मंदाताईंचा घास हातातच राहिला. "बरं," त्या म्हणाल्या.

"आणि दुकानं हिंडत उन्हात फिरू नकोस. तुला चक्कर येते."

"बरं."

फोन बंद झाल्यावर त्यांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाल्या, "मला चक्कर येते, ते त्याच्या लक्षात आहे."

माझं डोकंच फिरलं. "सोन्याचं नाव निघालं म्हणून आठवलं त्याला!"

"असेल. पण आठवलं ना."

तरीही त्यांनी बेत सोडला नव्हता. माझे मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. शेवटचं एकदा जाणत्या माणसाला विचारू, म्हणून मी मंदाताईंना त्यांच्याशी व्हिडिओ कॉल लावून दिला. मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं, बोटांचं, साडीचं, पाटाचं. मग विचारलं, "ताई, माणूस किती अंतरावर असेल?"

"जेवायला समोरासमोर बसतात, तेवढ्या."

मंदाताईंनी चष्मा काढून पुसला आणि हलक्या आवाजात विचारलं, "लागलं की तो जागेवर थांबेल, पण जिवाला काही होणार नाही, असं कुठलं येतं का हो?"

इतके महिने लहान-मोठं, जड-हलकं, हे सगळं चाललं होतं ते यासाठी. त्यांना अजितला न मारणारं पिस्तूल हवं होतं.

"ताई, तुम्ही ऑपरेशन थिएटरातल्या," मामा म्हणाले. "मी तुम्हाला काय सांगू? तसलं पिस्तूल अजून निघालेलं नाही. आणि जे चालवायचं नाही, ते अंगावर बाळगू नये. समोरच्याला ते तुमच्या डोळ्यांत दिसतं, मग तो पुढे होतो आणि ते त्याच्या हातात जातं. मी मोकळेपणी बोललो, राग मानू नका."

"छे, राग कसला," त्या म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्यांनी कमरेची पट्टी काढून माझ्या मांडीवर ठेवली. पट्टीखालची कातडी काळवंडली होती.

महिनाभरात त्यांनी घर अजितच्या नावावर करून द्यायचं ठरवलं. मी खूप भांडले. वकील गाठा, कोर्टात जा, निदान भाड्याने तरी द्या, काय काय म्हटलं. "कोर्टात गेले तर मरेपर्यंत त्याचे हात बघत बसायचं," त्या म्हणाल्या. "मला आता म्हातारी व्हायचंय गं. निवांत."

"आणि तुमची इतकी वर्षं?"

"ती तर गेलीच. घर राहिलं असतं तरी गेलीच होती. चला, पुढचा पेशंट घ्या."

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. उभ्या आयुष्याची कमाई एका गोड फोनवर सोडून द्यायची, हा मला शहाणपणा वाटत नाही, आणि अजितचं नाव निघालं की माझ्या तोंडाला कडवट चव येते. लग्नात मंदाताईंनी प्रियाला खरोखरच एक दागिना घातला, हलकासा, रोज वापरता येईल असा. त्याबद्दलही मी त्यांना बरंच ऐकवलं होतं.

गेल्या मे महिन्यात सुट्टीवर गेले तेव्हा मुद्दाम नाशिकला त्यांच्याकडे गेले. एका छोट्या नर्सिंग होममध्ये त्या सकाळी नव्या मुलींना शिकवतात आणि जवळच तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन राहतात. रिक्षा त्या मळ्यांवरून गेली, तेव्हा ते घरही दिसलं. अजून पाडलेलं नव्हतं. मंदाताईंच्या वरच्या मजल्यावर पुरुषाचे शर्ट वाळत होते. माझं रक्त उकळलं आणि बोलायचं सगळं मी मनातल्या मनात जुळवून ठेवलं.

दुपारची वेळ होती. त्यांच्या खोलीचं दार रस्त्यावर सताड उघडं होतं. आत चटईवर, पंख्याखाली, मंदाताई तोंड उघडं टाकून घोरत होत्या. जेद्द्यात मी त्यांच्या शेजारच्या खोलीत इतकी वर्षं राहिले, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उंबऱ्याशी चपला काढून मी भिंतीला टेकून बसले. बोलायला आणलेलं सगळं तसंच राहिलं आणि मला रडू आलं. बाहेरून भाजीवाला ओरडत गेला, त्याच्यामागून एक मोटरसायकल गेली. त्यांनी कूससुद्धा बदलली नाही.