आरशाचा खालचा कोपरा

काच फुटली की लोक आधी ती बांधणाऱ्याकडे बघतात. काचेच्या धंद्यात तर हे ठरलेलंच. कापणाऱ्याच्या हातून फुटली तर दुकानातच फुटते, तिथल्या तिथे झाडून टाकता येते. पण गिऱ्हाइकाच्या दारात कागद सोडवल्यावर तडा दिसला, की तो बांधणाऱ्याचा. आणि त्या दुकानातली प्रत्येक काच गेली सत्तावीस वर्षं वहिनी बांधत होत्या.

सगळा बाजार त्यांना वहिनीच म्हणायचा. वयाने त्यांच्या वडिलांच्या बरोबरीचे असलेले शेजारचे रंगवालेसुद्धा. नवरा काच कापायचा, वहिनी बांधायच्या, अशी सरळ वाटणी. काच पुसायची, मध्ये वर्तमानपत्र घालायचं, कोपऱ्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, त्यावर कांबळ्याचे तुकडे, मग पिकअपच्या हौद्यातल्या लाकडी घोड्यावर ती टेकवून नवारीच्या पट्ट्यांनी बांधायची. पट्टी किती ओढायची हे त्यांच्या बोटांना कळायचं. जास्त ओढली तर काच ताणात राहते, कमी ओढली तर हलते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनीही ते कुणाला समजावून सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "ती पुरे म्हणते, तेव्हा थांबायचं."

त्यांचे यजमान, म्हणजे काचवाले, हा मापाचा माणूस. कानावर पेन्सिल असल्याशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. काचेवर खूण केल्याशिवाय कापायचा हिरा टेकवायचे नाहीत हे ठीकच, पण घरात एक खिळा ठोकायचा तरी भिंतीवर आधी सात-आठ खुणा. बैठकीच्या भिंतीला कांजिण्या आल्या आहेत असं वाटायचं. दुसऱ्या कुणी खूण न करता काम केलेलं दिसलं, की हे तास घ्यायला बसलेच.

त्या वर्षी थंडीच्या सुरुवातीला काचवाल्यांनी एक रविवार पिकअपखाली पडून घालवला. गाडी जुनी, खालून कुठेतरी चूंचूं वाजत होती. संध्याकाळी ग्रीसने माखून बाहेर आले आणि एवढ्याशा कामाला मिस्त्री कशाला लागतो, असं जेवताना दोनदा म्हणाले. पुढे पंधरा दिवसांनी वहिनींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळा नव्यासारखा आहे. आठवडाभर काळा चष्मा लावून त्या दुकानात परत आल्या, आणि पाठोपाठ काचा फुटायला लागल्या.

पहिली खिडकीची. मग एका शोकेसची. मग डान्सक्लास चालवणाऱ्या बाईंचा सात फुटी आरसा, आणि तो बदलून दिला तर तोही. प्रत्येक वेळी दुकानातून निघताना काच धड, आणि पोचल्यावर बोटभर तडा. कुणी काही बोललं नाही. पण वहिनींनी पट्ट्या बांधून झाल्या, की काचवाले हौद्यावर चढून एकेक पट्टी ओढून बघायला लागले. सत्तावीस वर्षांत त्यांनी हे कधी केलं नव्हतं. ओढायचे, "हं" म्हणायचे आणि खाली उतरायचे. वहिनी बाजूला उभ्या राहून ते बघायच्या, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

एक गोष्ट त्यांनी हेरली होती. तडा दर वेळी खालच्या कोपऱ्यातूनच निघायचा, आणि तोही पुढच्या, ड्रायव्हरच्या केबिनकडच्या. त्या कोपऱ्याला त्यांनी दुप्पट रबर लावून पाहिलं, कांबळ्याची चौपदरी घडी घालून पाहिली. फरक शून्य. हे कुणाला सांगितलं असतं तर कारणं सांगतात असं झालं असतं, म्हणून त्या गप्प बसल्या. घरी दुपारी सुईत दोरा ओवून बघितला. पहिल्या फटक्यात गेला. पुन्हा ओवला, पुन्हा गेला. नऊ वेळा ओवला, तरी डोळ्यांवर विश्वास बसेना.

मग एका सकाळी काचवाले दुकानाच्या मागच्या बाजूला फोनवर बोलताना त्यांच्या कानावर पडलं. "हो, मोठ्या काचांचं पॅकिंग तुम्हीच करा. सोमवारपासून माणसं पाठवा."

"कुणाशी बोलत होतात?" वहिनींनी विचारलं.

"अगं, तुला जरा आराम," काचवाले म्हणाले आणि कानावरची पेन्सिल उगाचच काढून परत लावली.

"बरं," वहिनी म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार? त्यांनी हायच खाल्ली. हात चालत होते, डोळे दिसत होते, आणि तरीही आपण कामातून गेलो असं त्यांना वाटायला लागलं. सोमवारला पाच दिवस होते.

त्याच दिवशी दोघं गोदामातून तिसरा आरसा आणायला निघाले. गाडी रिकामी होती. चढाला काचवाल्यांनी दुसरा गिअर टाकला आणि खालून खाडकन आवाज आला, मग कुणीतरी हातोडीने पत्रा बडवतंय अशी खडखड. गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगत रांगत मिस्त्रीच्या शेडपर्यंत गेली.

मिस्त्रीला सगळे मौनीबाबा म्हणायचे. कारण उघड आहे. ते फक्त शाफ्टचं काम करायचे. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब लोखंडी दांडा म्हणजे शाफ्ट. या पिकअपला तो दोन तुकड्यांचा होता. मध्ये आधाराला रबरात बसवलेलं बेअरिंग, आणि सांध्यांमध्ये अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस, ज्याच्यामुळे दांडा फिरता फिरता वाकू शकतो. मौनीबाबा गाडीखाली गेले आणि बोटावर गंजाची तांबडी भुकटी घेऊन बाहेर आले.

"क्रॉस गेला. बेअरिंग फाटलं," ते म्हणाले. त्यांच्या मानाने हे भाषणच झालं.

"हे बेअरिंग कुठे असतं?" वहिनींनी विचारलं.

मौनीबाबांनी हौद्यावर थाप मारून जागा दाखवली. लाकडी घोड्याचा पुढचा पाय जिथे टेकतो, बरोबर तिथे. वहिनींनी त्या जागेवर हात ठेवला.

"अहो, इथेच फुटते काच! दर वेळी याच कोपऱ्यातून!"

"बघू," काचवाले म्हणाले. "दुरुस्त झाल्यावर कळेलच."

मौनीबाबांनी शाफ्ट काढण्याआधी त्याच्या दोन्ही तुकड्यांवर सांध्याच्या अलीकडे-पलीकडे पंचने ठोकून खूण केली आणि वरून पांढरा रंग लावला. दोन तुकडे एकमेकांत दात्यांनी बसतात. जसे निघाले तसेच परत बसले पाहिजेत, म्हणून ही खूण. काचवाले खूश झाले.

"याला म्हणतात काम! खुणेशिवाय उघडणं म्हणजे आंधळा कारभार," ते वहिनींना म्हणाले.

दुपारभर काम चाललं. वाइसच्या शिकंज्यात शाफ्ट धरून जुना क्रॉस दाबून काढला, नवा बसवला, त्याच्या टोप्यांवर लॉक चढवले, ग्रीस भरलं, नवं बेअरिंग घातलं, आणि खुणेला खूण जुळवून सगळं गाडीखाली चढवलं. वहिनी एका जुन्या टायरवर बसून प्रत्येक बोल्टकडे बघत होत्या. आपला खटला चालू आहे आणि निकाल आता लागणार, अशी त्यांची अवस्था होती.

तिघं चक्कर मारायला निघाले. खडखड गेली होती. पण काटा चाळीसच्या पुढे सरकला आणि पायाखालून गुणगुण सुरू झाली, गेले काही महिने अंगवळणी पडलेली. बारीक, पोटात जाणवणारी थरथर.

"रस्ता खराब आहे," काचवाले म्हणाले.

"मागच्या महिन्यात केलाय," मौनीबाबा म्हणाले.

वहिनींनी मनातल्या मनात हिशोब केला. नवा क्रॉस, नवं बेअरिंग, आणि तरीही थरथर. म्हणजे गाडी आहेच अशी. जुन्या गाड्या थरथरतातच. मग काचांचं खापर शेवटी आपल्याच डोक्यावर. त्यात काचवाले अगदी साध्या आवाजात म्हणाले, "जाऊ दे, जेवढं झालं तेवढं झालं. सोमवारी पॅकिंगवाले येतातच आहेत." त्यांच्या मनात काही नव्हतं, पण वहिनींनी खिडकीकडे तोंड फिरवलं ते शेड येईपर्यंत वळवलं नाही.

मौनीबाबांना मात्र झोंबलं होतं. त्यांनी गाडी रात्री शेडवरच ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं शेडवर गेले, तर शाफ्ट पुन्हा खाली उतरवलेला, रॉकेलने धुऊन टेबलावर ठेवलेला. इतकी वर्षं चिखल आणि ग्रीसच्या थराखाली असलेलं लोखंड पहिल्यांदाच उघडं पडलं होतं. मौनीबाबांनी तो फिरवून बघितला. वाकलेला नव्हता. ते डोकं खाजवत उभे राहिले.

वहिनी पुढे झाल्या. आरशाची चौकट सरळ आहे की पीळ पडलाय, हे बघायला त्या नेहमी जसं करायच्या तसंच त्यांनी केलं. टेबलाच्या टोकाला गेल्या, गुडघ्यात वाकल्या, डावा डोळा मिटला आणि ऑपरेशनच्या उजव्या डोळ्याने शाफ्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर लावली. क्रॉस धरायला दांड्याच्या दोन्ही टोकांना दोन दोन कान होते.

"मिस्त्री, या टोकाचे कान आणि त्या टोकाचे कान एका रेषेत हवेत का?"

"हवेत."

"नाहीयेत. इकडचे आडवे आहेत, तिकडचे तिरके."

मौनीबाबा आले, वहिनींच्या जागी वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. मग उभे राहिले, हात पुसले आणि त्यांना वाचा फुटली.

"बरोबर आहे, वहिनी. शंभर टक्के बरोबर. मी काल जसा होता तसा खुणेवर बसवला. पण मुळात तो चुकीचाच बसलेला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही! कान असे तिरके असले की दांडा फिरताना झटके देतो. त्यानेच क्रॉस खाल्ला, त्यानेच बेअरिंग फाडलं. काच काय, वर दगड बांधला असता तर त्यालाही तडा गेला असता. कुणी उघडला होता हा?"

काचवाल्यांनी बोट वर केलं.

"मी. थंडीत. चूंचूं वाजत होतं म्हणून सांधा ओढून काढला, ग्रीस भरलं आणि परत ढकलला."

"खूण केली होती?"

काचवाल्यांचा हात कानावरच्या पेन्सिलीकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. "नव्हती केली," ते म्हणाले.

वहिनी मटकन टायरवर बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला. नवऱ्याचा राग येणार होता, चांगला सणसणीत येणार होता, पण तो रांगेत मागे उभा होता. आधी नुसतं सुटल्यासारखं वाटलं. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उलटसुलट करून बघितले. हात चांगले होते. डोळे चांगले होते. त्यांना हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि कुणी बघतंय का याची त्यांनी फिकीर केली नाही.

मौनीबाबांनी सांधा ओढला, दोन दाते फिरवून कान रेषेत आणले आणि वहिनींना बोलावलं. "बघा." वहिनींनी पुन्हा नजर लावली आणि मान हलवली, तेव्हाच त्यांनी तो घट्ट बसवला. पुन्हा तिघं चक्कर मारायला गेले. चाळीस. पन्नास. साठ. गाडीखालून काहीच आलं नाही.

तिसरा आरसा वहिनींनी नेहमीसारखाच बांधला. जुन्याच पट्ट्या, जुनीच कांबळी, कोपऱ्याला एकेरीच रबर. डान्सच्या बाई हॉलच्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. दोनदा पोळलेल्या, त्यामुळे त्या हसल्यासुद्धा नाहीत. आरसा आत नेऊन भिंतीला टेकवला. वहिनींनी खालून वरपर्यंत कागद सोडवला. आरसा अखंड होता. खालचा पुढचा कोपरा तर त्यांनी बोट फिरवून बघितला.

"चला, या वेळी धड आला," बाई म्हणाल्या. "पॅकिंग बदललंत वाटतं? आधीच बदलायला हवं होतं हो."

वहिनींनी तोंड उघडलं, पण काचवाले आधी बोलले.

"पॅकिंग तेच आणि बांधणारीही हीच. आधीचे दोन आरसे मी फोडले."

"तुम्ही? कसे?"

"गाडीचा शाफ्ट मी खूण न करता जोडला आणि चार महिने हिच्या हातांकडे बघत बसलो. चूक हिने शोधली. सोमवारपासून दुसऱ्यांना बोलावलं होतं, त्यांना आजच नको म्हणून कळवलंय."

बाईंना यातलं निम्मंही समजलं नसेल. वहिनींना सगळं समजलं. त्यांनी कागद गोळा केले, पट्ट्या गुंडाळल्या आणि एक शब्द न बोलता गाडीत जाऊन बसल्या. काचवाल्यांना वाटलं, मिटलं.

कुठलं मिटतंय! गाडी फाटकातून बाहेर पडते ना पडते, तोच रांगेत मागे उभा असलेला राग पुढे आला.

"माझे डोळे गेले असं वाटलं होतं ना, तर मला विचारायचं होतं! तोंडावर म्हणायचं होतं! हौद्यावर चढून पट्ट्या कसल्या ओढून बघत होतात? आणि परत ते 'हं'! सत्तावीस वर्षं बांधतेय मी, सत्तावीस वर्षं! रात्र रात्र झोप नव्हती मला. नऊ वेळा सुईत दोरा ओवला मी, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही," काचवाले म्हणाले.

"कसं माहीत असणार? विचारलंत कधी?"

चौक गेला, पूल गेला, दुकानाकडे जाणारा रस्ता आला, तरी वहिनी थांबल्या नाहीत. चार महिन्यांचं साठलेलं होतं. गाडी आता इतकी शांत चालत होती की एक शब्द वाया जात नव्हता. काचवाल्यांनी दुकानाचं वळण पाहिलं, आणि न वळता सरळ पुढे गाडी नेली.

"कुठे चाललात?" वहिनींनी विचारलं.

"तुझं होऊ दे," काचवाले म्हणाले. "मी ऐकतोय."