गराजमधला वाकडा प्रेस

मोटारींचे दरवाजे दाबून काढणारे अवाढव्य प्रेस सरळ करण्यात माझं आयुष्य गेलं. आमचा सगळ्यात मोठा प्रेस खाली यायचा तेव्हा शेजारच्या ओहायोतल्या कोंबड्या अंडं घालता घालता थांबायच्या. मी ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण एकाही कोंबडीनं आजवर इन्कार केलेला नाही. अशा माणसाला मिशिगनमधल्या ट्रॉयच्या आमच्या घरी, गराजमधल्या हातभर उंचीच्या प्रेसनं सबंध दुपार नाचवलं, हे मी एरवी कुणाला सांगितलं नसतं.

प्रेस माझ्या मुलीचा. ती हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे मोडलेले खांदे हलते करते, आणि शनिवारी क्लबात जाऊन कागदी निशाणांवर पिस्तूल चालवते. काडतुसं स्वतः भरते. दुकानातलं काडतूस म्हणजे तयार कपडे आणि घरी भरलेलं म्हणजे शिंप्याकडून बेतून घेतलेले, असं तिचं म्हणणं. वापरलेली पितळी पुंगळी प्रेसच्या गोल तबकडीत उभी करायची, दांडा ओढायचा, की तबकडी वर जाते आणि पुंगळी वरच्या डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, शिरून पुन्हा मापात येते. पुढे बंदुकीची पावडर, शेवटी गोळी. सोपं आहे. सोपं असतं तेव्हा.

बायकोला हे सगळं नामंजूर. "माझ्या घरात बंदूक नको," एवढं एक वाक्य तिनं वर्षापूर्वी टाकलं. मग तह झाला: पिस्तूल क्लबच्या लॉकरमध्ये, प्रेस गराजच्या कोपऱ्यात. तेव्हापासून बायको गराजमध्ये तांदळाची पोती आणायला गेली तरी त्या टेबलाकडे पाठ करून चालायची, एखाद्या लग्नात बोलणं बंद असलेली नणंद दिसावी तशी. माय-लेकी एरवी तासन्‌तास बोलत. हा विषय निघाला की दोघींना एकदम भांडी घासायची आठवण व्हायची. मुलगी पुढच्या महिन्यात नोकरीसाठी टेक्सासला, शुगर लँडला चालली होती, आणि त्या शनिवारी इथल्या क्लबातली तिची शेवटची स्पर्धा होती. "आई येईल का?" हे तिनं मला तीनदा विचारलं. आईला एकदाही नाही. दोघी अशाच, मधे ते टेबल ठेवून, विमानतळावर हात हलवतील, या विचारानं माझी झोप उडाली होती.

तर गुरुवारी दुपारी गराजमधून हाक आली. "बाबा, प्रेस वाकडा झालाय. कॅन यू कम?"

मी हातातला चहा टाकून उठलो. तिनं पावडरचा डबा रिकामा करून लांब नेऊन ठेवला होता, फक्त पुंगळ्या होत्या. तिनं दांडा ओढला. कर्र असा आवाज, आणि पुंगळीच्या तोंडावर नखाएवढी खोक. दुसरी, तिसरी, तेच.

"सोमवारी क्लीन करायला सगळं उघडलं होतं. काल जोडलं, आणि हे."

"टेबल," मी म्हणालो. "तुझं टेबलच तिरकं आहे. मिशिगनची जमीन थंडी जवळ आली की आकसते."

"बाबा, प्लीज."

लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्यभागी बसून माझ्याकडे बघत होता. मग डाय. डायचा नट सैल केला, एक चांगली पुंगळी आत शिरवली, डायला तिच्यावर स्वतःच मध्य शोधू दिला आणि पुंगळी वर असतानाच नट आवळला. आम्ही मोठे डाय असेच बसवायचो, फक्त तिथे नट आवळायला चार माणसं आणि एक प्रार्थना लागायची. दांडा ओढला. कर्र.

"तुमच्या फॅक्टरीत गाड्या सरळ निघायच्या ना?" मुलगी म्हणाली.

"काही काही."

मग मी डोकं वापरलं. पुंगळ्यांना काळ्या मार्करनं रंग दिला, म्हणजे कुठे घासतं ते कळेल. घासत होतं ते प्रत्येक वेळी डाव्या अंगाला. डाय अर्धा फेरा फिरवला, तरी डावीकडेच. म्हणजे डायचा काही गुन्हा नाही, पुंगळीच खालून तिरकी येतेय. केसभर उंचसखलपणाही काट्यावर दाखवणारी जुनी डायल गेज शोधून आणली, तबकडीवर टेकवून फिरवली, आणि काटा एका बाजूला अलगद वर चढला. तबकडीखाली काहीतरी होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती अंगणात गेली. मी बोल्ट काढला, तबकडी उचलली. खाली, अगदी मधल्या खोबणीच्या कडेला, तांदळाची एक कणी होती. अर्धीमुर्धी, आणि लाल.

कुंकवानं लाल.

मी चष्मा पुसला. मग मान वाकडी करून प्रेसच्या मागच्या, भिंतीकडच्या अंगाला पाहिलं. तिथे बोटाएवढं हळद-कुंकू होतं, पुसायचा प्रयत्न करून राहिलेलं. मंगळवारी दसरा झाला. आमच्याकडे त्या दिवशी दोन्ही गाड्या, माझी हत्यारांची पेटी, मिक्सर, झालंच तर गवत कापायचं मशीन, सगळ्यांना हळद-कुंकू आणि अक्षता मिळतात. त्या दिवशी मुलगी ड्यूटीवर होती आणि प्रेस टेबलावर उघडा पडला होता.

मी कणी मुठीत धरली. खरं सांगतो, पहिला विचार लबाडीचा आला. टाकून द्यावी, "अमेरिकन बोल्टचा दोष" म्हणून वेळ मारून न्यावी. मुलगी चिडली आणि आत जाऊन बोलली, तर बायको गराजचं दारसुद्धा उघडणार नाही. पण कणी टाकली तर हेही कुणाला कळणार नाही, की पाठ करून चालणारी बाई कुणी नसताना त्या टेबलाकडे तोंड करून उभी राहिली होती.

मुलगी परत आली. मी मूठ उघडली.

ती माझ्या तळव्यावर वाकली. "दॅट्स राइस."

"अक्षता."

मी तिला मागचं कुंकू दाखवलं. तिनं माझ्या तळव्यावरची कणी उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग, बूट न काढता, ज्याबद्दल एरवी मला देश सोडावा लागला असता.

बायको मेथी निवडत होती.

"आई, तू माझ्या प्रेसची पूजा केलीस?"

बायकोनं आधी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग कणीकडे. "केली. मग? विळीची करते, मिक्सरची करते. तुझंच यंत्र काय आभाळातून पडलंय?"

"बट यू हेट इट."

"नाहीच आवडत मला." ती मेथीच्या काड्या वेगळ्या करत राहिली. "पण तू रोज त्यात बोटं घालतेस. त्या बोटांना काही होऊ नये, एवढं म्हटलं देवाला. नंतर पुसलं होतं मी. तुला राग येईल म्हणून." मग एकदम घाबरून, "अहो, बिघडलं का काही त्याचं?"

"छे," मी म्हणालो. "एका कणीएवढा फरक पडला असेल फार तर."

"गप्प बसा तुम्ही."

मुलगी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. समोरची एक मेथीची काडी उचलली, उगाच मोडली. "सॅटरडेला माझी शेवटची मॅच आहे. येशील?"

जे मला तीनदा विचारलं होतं ते अखेर योग्य पत्त्यावर पोचलं. मी श्वास धरला. इतका, की फ्रिजच्या मोटरीलाही माझी काळजी वाटली असावी.

"आवाज फार होतो का गं?"

"कानाला लावायला देतात. मी देईन तुला."

"ह्यांच्या तोंडाला लावायला काही देतात का?"

मुलगी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. बायकोनं मेथीचा हात पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला आणि तिच्या डोक्यावरून फिरवला. "रडतेस काय वेडे? चल, दाखव मला काय करतेस ते तिथे."

आम्ही तिघं गराजमध्ये आलो. मी तबकडी पुसून बसवली. मुलीनं एक पुंगळी तबकडीत उभी केली आणि आईचा हात दांड्यावर ठेवून वर आपला ठेवला. "जोर नको. हळू. ती आपोआप जाते."

"सोऱ्यासारखंच की," बायको म्हणाली. "तिरका धरला तर चकली तुटते."

तीन तास लेव्हल आणि गेज लावून जे मला सापडलं ते तिनं चकलीत सांगितलं. दांडा खाली आला, पुंगळी काही न बोलता वर गेली आणि तशीच खाली आली. तोंड गोल, कुठे ओरखडा नाही. बायकोनं ती उजेडात धरून सगळीकडून पाहिली, भाजी घेताना पाहते तशी.

"दुसरी ठेव," ती म्हणाली. "आणि शनिवारी निघायचं किती वाजता?"